रॉयस टॅकेटची बाटली

न्यायाधीशसाहेब, तुम्ही एका माणसाची नात त्याच्याच गाण्यांचा पुरावा करून हिसकावून घेतलीत. उंच खुर्चीवर बसून, चष्मा सरसावून तुम्ही त्याची ओळ वाचलीत: ‘जाग आली तर बाटली उशाला, लेकरू उपाशी दाराला.’ आणि विचारलंत, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो, मीच," रॉयस म्हणाला.

इथंच खोटं बोलायला हवं होतं त्यानं. पण स्वतःचं गाणं नाकारणं त्याला जमलं नाही.

सव्वीस वर्षं हा माणूस अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या लाल मातीत गात फिरला. गुरांच्या बाजारामागची नाचघरं, तेलविहिरींवरच्या कामगारांचे बार, जिल्ह्याच्या जत्रा. गिटार, ड्रम आणि एक खटारा व्हॅन. नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला दारात उभं केलं नाही, पण आर्डमोरपासून एनिडपर्यंत त्याचं गाणं सुरू झालं की माणसं खुर्च्या मागं सारून जोडीनं नाचायला उठायची. गाणी सगळी दारूची, आणि दारू सगळी त्याच्या बापाची. बापानं शेत प्यायलं, घर प्यायलं. रॉयसनं जन्मात थेंबाला शिवलं नाही. सुरुवातीला त्यानं ‘बाप प्यायला’ असं गाऊन पाहिलं. लोक हूं की चूं करेनात. मग ‘मी प्यालो’ म्हणाला आणि लोकांनी नाचघर डोक्यावर घेतलं. तिकडं रडायचं तर स्वतःच्या नावानं रडावं लागतं.

मग स्टेजवर बाटली आली. व्हिस्कीच्या बाटलीत थंडगार गोड चहा. बारवाली ओपल भरून द्यायची. "ढोस रे बेवड्या," म्हणत डोळा मारायची. गुपित दोघांचंच होतं, आणि ओपल मागच्या हिवाळ्यात वारली.

रॉयसची मुलगी अपघातात गेली तेव्हापासून सात वर्षांची मेबल त्याच्याकडंच होती. पोरीनं शाळेत हौसेनं आजोबाचं गाणं म्हटलं, ‘लेकरू उपाशी’वालं. बाईंनी वर कळवलं. मेबल तुमच्या कोर्टाच्या ताब्यात गेली आणि सुनावणी लागली.

साक्षीला रॉयसनं हॉलिसला आणलं. हॉलिस वेल्डिंगची कामं करायचा, बावीस वर्षं रॉयसच्या गाण्यांचा भक्त. कडक इस्त्रीचा शर्ट, टोपी छातीशी. आपल्या माणसाची ताकद सांगावी, एवढंच त्याच्या मनात.

"साहेब, आख्खी बाटली रिचवायचा हा! पण सूर? सूतभर हलायचा नाही. असला गडी एक पोर सांभाळणार नाही होय?"

रॉयसनं डोळे मिटले. "हॉलिस, चहा होता रे तो."

बाकांवर हशा पिकला. हॉलिसही हसला. मग त्यानं रॉयसचं तोंड बघितलं.

"चहा?"

"गोड चहा."

"माझी बायको निघून गेली तेव्हा आपण दोघं मागच्या पायरीवर बसून प्यालो, तेव्हा?"

"तू प्यालास. मी बसलो होतो."

हॉलिसनं टोपी डोक्यावर चढवली. "मग साहेब, याचं काहीच खरं धरू नका," म्हणाला आणि चालता झाला.

रॉयस म्हणाला, रक्त तपासा. तुम्ही म्हणालात, महिनाभर कोणीही कोरडं राहतं. कागद पुढं केलात: दारुडा असल्याचं कबूल करा, सहा महिने व्यसनमुक्तीच्या बैठकीला बसा, मग बघू. मेबलसाठी त्यानं सही केली.

बैठकीत तो खरं बोलला, "मी कधी प्यालोच नाही." बैठक चालवणाऱ्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, रॉयस." चार आठवडे हेच. पाचव्या आठवड्यात त्यानं हात टेकले आणि बापाची कथा ‘मी’ लावून सांगितली. बाटली, उपाशी पोर, दारात गोठलेली बायको, सगळं. लोक ढसाढसा रडले. बाईंनी पाठ थोपटली, शेरा लिहिला: ‘लेकरू उपाशी ठेवल्याचंही मोकळेपणानं बोलतो.’

सहा महिन्यांनी तुम्ही तोच शेरा उचललात आणि म्हणालात, या माणसानं स्वतःच्या तोंडानं लेकरू उपाशी ठेवल्याचं कबूल केलंय. पोर दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या घरी. पत्ता देता येणार नाही.

खरं बोलला तेव्हा तुम्हाला पटलं नाही, खोटं बोलला ते लगेच पटलं. मग त्यानं काय बोलायला हवं होतं? ते वाक्य सांगा. आणि मेबल कुठल्या गावात आहे, तेही सांगा. मान खाली घालू नका. बोला.