साखर कोणी उतरवली?

"मनुष्यदेह हा हालचालीसाठीच निर्माण झालेला आहे," असं रघुवीर तावड्यांनी करी रोडच्या टॉवरमधल्या आपल्या सोफ्यावरून जाहीर केलं आणि रिमोटला हात पोचेना म्हणून स्वयंपाकघरातून बायकोला बोलावलं.

घोषणेला कारण होतं. पुढच्या तपासणीतही साखर चढलेलीच निघाली, तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करू, असं डॉक्टर लॉरा परेरांनी सांगितलं होतं. टॉवरच्या जागी चाळ होती तेव्हा लस टोचायला नर्स आली की रघुवीर पाण्याच्या टाकीमागे सापडत.

बायकोने, म्हणजे कांताबाईंनी, कारल्याचा रस सुरू केला. शेजारचे लिओनार्ड रघुवीरांना सकाळी शिवाजी पार्कला नेऊ लागले. तिथे पांढरे बूट घालून रघुवीर कट्ट्यावर बसत आणि चालणाऱ्यांच्या चुका काढत.

तीन महिन्यांनी साखर चक्क उतरली. कांताबाई म्हणाल्या, कारलं. लिओनार्ड म्हणाले, पार्कची हवा. डॉक्टरांना दोन्ही पटेनात. कट्ट्यावर बसून साखर उतरत असती तर मी दवाखाना तिथेच थाटला असता, असं म्हणून त्यांनी विचारलं, संध्याकाळी काय करता?

काही नाही, रघुवीर म्हणाले. गणपती जवळ आलेत, म्हणून आषाढापासून रोज पार्किंगमध्ये पोरांना बाल्या नाच शिकवतो.

"खुर्चीत बसून?"

हा कोकणी माणसाचा अपमान होता. रघुवीर उठले, एका पायात घुंगरांचा चाळ असल्यासारखा पाय आपटला, बैठक घेतली, गिरकी मारली, पुन्हा उसळले. टेबलावरचं बीपीचं यंत्र थरथरलं. बाहेरचे पेशंट डोकावले. रघुवीरांना धापही लागली नव्हती.

"अहो, हाच तुमचा व्यायाम."

"व्यायाम कसला डॉक्टर, नाच आहे तो."

डॉक्टरांनी समजावलं की स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात; बूट पांढरे आहेत का, हे ते बघत नाहीत. गोळ्या चालूच राहतील, इंजेक्शन तूर्त टळलं. मात्र विसर्जनानंतर पुन्हा सोफा धरलात, तर साखरही परत येईल. वर्षभर नाचा.

रघुवीरांनी मान डोलावली. कांताबाई गोळ्या आणायला बाहेर गेल्या. रघुवीरांनी हळूच दार लोटलं आणि ते टेबलावर वाकले.

"डॉक्टर, कागदावर तेवढं लिहून द्याल का? कारल्याचा रस बंद."