कूलरची पिन

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. माझ्या मनाला तर वैऱ्याची गरजच नाही. ते घरबसल्या रोज नवं मरण तयार ठेवतं. उन्हाळ्यातलं त्याचं लाडकं मरण म्हणजे कूलर. कूलरचा करंट लागून कोणी गेल्याची बातमी पेपरात आली की मी ती पाठ होईपर्यंत वाचते. मग घराबाहेर पडले की कूलरची पिन काढली की नाही हे पाहायला कुलूप उघडून परत आत जाते. पिन काढलेली असते. बाहेर येते. कोपऱ्यावर पोचले की वाटतं, आपण पाहिली ती कालची तर नव्हे?

यापायी मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न हुकलं. अर्ध्या वाटेतून गाडी वळवली, निघालो, परत वळवली. पोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या उचलत होता. बहीण अजून माझ्याशी तुटक बोलते.

म्हणून काल, स्वतःच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी माझा मुलगा प्रशिक माझ्याजवळ येऊन बसला. "आई, तुले जमत नसन तर येऊ नको. पण अर्ध्यातून परत नको जाऊ. मी मंग दाराकडेच पाहत राहतो."

तो ओरडला असता तर मीही ओरडले असते. येईन, एवढंच म्हणाले.

धंतोलीतल्या एका मनाच्या डॉक्टर बाईंकडे मी हिवाळ्यापासून जाते आहे. त्यांचे नियम सोपे आणि दुष्ट आहेत. कुलूप एकदाच लावायचं. भीती आली तर येऊ द्यायची, तिच्याशी वाद घालायचा नाही. चढते तशी ती उतरते. सगळ्यात दुष्ट नियम माझ्या नवऱ्यासाठी. माझ्या प्रत्येक "पिन काढली का?"ला संघपाल इतकी वर्षं "हो वं, काढली" म्हणत आले. बाई म्हणाल्या, या 'हो'नंच भीती पोसली. आता तुम्ही फक्त 'माहीत नाही' म्हणायचं. बिचारे पोपटासारखे शिकले.

आज प्रशिक सकाळीच पुढे हॉलवर गेला होता. आम्ही निघताना कूलर बंद करायचं कामही मुद्दाम त्यांच्याकडे दिलं होतं. मी बाहेर पायरीवर उभी राहिले. ते आले, मी कुलूप लावलं, एकदाच ओढून पाहिलं. प्रताप नगरची गल्ली संपायच्या आत माझं तोंड उघडलं.

"अहो, पिन काढली?"

"माहीत नाही."

बर्डीवर विचारलं. माहीत नाही. इंदोऱ्याला विचारलं. "माहीत नाही वं." पदर मुठीत चोळामोळा झाला होता. मनात पडदे पेटले, शेजारच्या कौसल्याबाई धूर पाहून धावत आल्या, त्यांनी कूलरला हात लावला, गेल्या. मी त्यांच्या तेरवीपर्यंत पोचले होते.

ऑटोमोटिव्ह चौकातल्या सिग्नलला परत विचारलं. संघपाल माझ्याकडे वळले.

"नंदिनी," ते म्हणाले, "मले खरंच माहीत नाही."

"म्हणजे?"

"प्रशिकचा फोन आला ना, हाराचं विचारून राहिला होता. मी बोलता बोलताच बाहेर आलो. कूलर बंद केल्याचं आठवूनच नाही राहिलं." त्यांनी इंडिकेटर दिला, परतीचा. "पटकन पाहून येऊ. नाहीतर तुले चैन नाही पडणार."

मला! इंडिकेटर तर त्यांनी दिला होता. इतकी वर्षं मी त्यांना विचारत आले. त्यांनी मात्र कोणाला विचारायचं? मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांची फार दया आली.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजू लागले. अख्खं अंग म्हणत होतं, वळवा. आणि तिकडे प्रशिक दाराकडे पाहत असणार.

"सरळ घ्या," मी म्हणाले.

"अवं, पण चालू असन तर?"

"असन तर असन. सरळ घ्या!" आवाज भांडखोर निघाला, पण निघाला.

भीती उतरली वगैरे काही नाही. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला, ती तशीच. हॉलमध्ये शिरलो तेव्हा प्रशिक खरोखरच दाराकडे पाहत होता. मला बघून त्यानं मान फिरवली आणि डोळे पुसले. बुद्धवंदनेला डोळे मिटले तर मला कूलरच दिसला. कौसल्याबाईंना फोन करायला हात वळवळू लागला, तेव्हा मी फोनसकट पर्स होणाऱ्या सुनेच्या आजीच्या, कांताबाईंच्या मांडीवर ठेवून दिली. नूपुरनं प्रशिकच्या बोटात अंगठी घातली, तेवढा वेळ मात्र मी कुठेच गेले नव्हते.

उन्हं तापलेली असतानाच परतलो. कुलूप उघडलं आणि आतून घरघर ऐकू आली.

कूलर दिवसभर चालू होता. टाकीच्या तळाला चार बोटं पाणी उरलं होतं. पडदे जागेवर होते. आणि बाहेर डांबर वितळत असताना आमचा हॉल गारेगार पडला होता. ज्याला भिऊन मी भाचीचं लग्न हुकवलं, ते हे होतं.

संघपाल पांढरेफटक होऊन बटणाकडे धावले.

"राहू द्या," मी म्हणाले. "बसा जरा."

ते माझ्या शेजारी सोफ्यावर टेकले. बराच वेळ आम्ही नुसता वारा घेत राहिलो.

"काही झालं असतं तर वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि पाय वर घेऊन बसले.