खोक्यातला अल्टरनेटर

मी अल्टरनेटर बोलतोय, उतरवलेला. माझ्या जागी आलेला नवा ज्या खोक्यातून आला, त्याच खोक्यात मला कोंबलंय. मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत. आपल्याच गाडीत मी आता सामान झालोय.

तसा मी कुणाच्या नजरेत भरणारा नाही. इंजिनाला चिकटून बसायचं, पट्ट्यानं फिरवलं की फिरायचं आणि बॅटरीचं पोट भरायचं. तान्हं पिल्लू दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आलं, तेव्हा दिवे, वायपर सगळं माझ्याच जिवावर चाललं होतं. त्याची आई मागून सारखी म्हणत होती, "हळू रे, हळू." मीही तेव्हा जपूनच फिरलो.

मग एके सकाळी गाडी सुरूच होईना. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारचे काका आपल्या बॅटरीला वायर जोडून द्यायचे. रात्रीतून बॅटरी का उतरतेय ते आधी बघा, असं म्हणालेही. पण पिल्लाच्या बाबांनी दोन व्हिडिओ पाहिले होते. अल्टरनेटर गेलाय, मी घरीच बदलतो, असं त्यांनी जाहीर केलं. आईला धास्ती एकच: पिल्लाला अचानक श्वास लागला आणि गाडी हललीच नाही तर?

रविवारी बाबांनी पट्टा सैल केला, माझे नट काढले. एक निघेना, तेव्हा मला नाही नाही ते बोलले. आई टॉर्च धरून उभी होती.

"नक्की हाच ना रे?"

"हाच गं. आवाजावरून कळतं."

माझा आवाज ठणठणीत होता.

सोमवारी सकाळी, नवा बसवूनही, गाडी ढिम्म. बाबा काकांकडे वायर मागायला गेले. आई पिल्लाला घेऊन पुढे बसली आणि तिचा हात दुधाची बाटली गरम ठेवायच्या पिशवीला लागला. पिशवी अजून कोमट होती. पिल्लाला ऐनवेळी गार दूध नको, म्हणून तिनंच ती गाडीच्या सॉकेटला लावून ठेवलेली, गाडी बंद असली तरी. मी दिवसा भरायचो, ती रात्रभर प्यायची.

आईनं हळूच वायर उपटली, पिशवी पर्समध्ये टाकली. वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल.

बाबा आले. "आता काय झालं असेल गं?"

"नवा आहे ना," ती म्हणाली, "रुळायला एखादा दिवस घेईल."

तेव्हापासून गाडी रोज सुरू होते. बाबा भेटेल त्याला आपली करामत ऐकवतात आणि ती शेजारी उभी राहून हसते.

आज मला भंगारात द्यायला निघालेत. पोरी, काळजीपोटी चुकलीस, ते मी समजू शकतो. पण भंगारवाला विचारेल, तेव्हा मला खराब म्हणू नकोस. जुना म्हण.