न निघालेला पॅच

मित्रांनो, एका लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये कधीचा पडून असलेला मी एक पॅच आहे. सायकलच्या ट्यूबला लावतात तो नव्हे. प्रोग्रॅम मोठा असतो, त्यात कुठेतरी चूक निघते. मग कोणीतरी लिहून देतो, बाबांनो, ही ओळ काढा आणि तिच्या जागी ही घाला. ते लिहून दिलेलं म्हणजे मी. चार-पाच ओळींचा जीव. वर कर्त्याचं नाव.

मला डोळे नाहीत. लॅपटॉपला माईक आहे, त्यातून ऐकू येतं. माझा कर्ता लॅपटॉप कधी बंद करत नाही, त्यामुळे मला सगळंच ऐकू येतं. नको ते पण.

कर्त्याला घरात खटपट्या म्हणतात. दिवसा तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो. कोड लिहायला कुठे शिकला नाही, बिघडवत बिघडवत शिकला. त्याची मोठी बहीण, ताई, बाहेरच्या खोलीत विजेच्या मशीनवर पडदे शिवते. आणि आतल्या खोलीत आई.

घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला. कायमचा. तेव्हापासून ती एका डब्यातून बोलते. पाटीएवढा डबा. त्यावर अक्षरं दाबायची, की डबा ते वाक्य मोठ्याने म्हणतो. रोजच्या हाकेसाठी एक मोठं बटण वेगळं ठेवलंय. ते दाबलं की डबा म्हणतो, "इकडे या जरा." कुठल्यातरी बाईचा सपाट आवाज. ना राग, ना लोभ.

डब्यातला प्रोग्रॅम लांब लांब राहणाऱ्या हौशी लोकांनी मिळून लिहिलाय. त्यात चूक एकच होती, पण वाईट होती. डब्याची बॅटरी केव्हाच मेलेली, नवी मिळत नव्हती. लाईट गेली की डबा गप्प. आणि लाईट आली की तो शेवटचं वाक्य आपणहून परत म्हणायचा.

आई झोपलेली असायची. तिकडे फ्रिज धडकन सुरू व्हायचा, ताईचं मशीन गुरगुरायचं, आणि आतून आवाज यायचा, "इकडे या जरा."

ताई धावत जायची. आई घोरत असायची.

पहिल्यांदा हसले सगळे. आईसुद्धा. तिने टाईप केलं, "मी मेले तरी हा तुम्हाला कामाला लावेल." डब्याने ते त्याच सपाट आवाजात म्हटलं. मग कोणी हसलं नाही.

लाईट तिकडे सारखी जायची-यायची. हळूहळू ताईने धावणं सोडलं. चालत जायची. मग बसूनच ओरडायची, "आई, खरंच बोलावतेयस की डबा बडबडतोय?" आता आई उत्तर कसं देणार? डब्यातूनच ना! आणि डब्याचं खरं कोणतं नि खोटं कोणतं, हाच तर घोळ होता.

म्हणून खटपट्याने मला लिहिलं. डबा सुरू झाला की जुनं वाक्य पुसून टाका, एवढंच मी सांगतो. पण मला थेट डब्यात घालता येत नव्हतं. डबा फक्त मूळ लोकांनी पसंत करून सोडलेलंच घेतो. पसंत करणारा माणूस एकच, सगळे त्याला राखणदार म्हणतात. वयस्कर, फटकळ. एका सामाईक पत्त्यावर पॅच ईमेलने पाठवायचा, तो सगळ्यांना जातो, राखणदार वाचतो, आणि आवडला तर घेतो.

खटपट्याने आधी मला नेहमीच्या मेलमध्ये चिकटवून पाठवलं. माझी पार दैना झाली. ओळी मधेच तुटल्या, मोकळ्या जागा गायब. राखणदाराचं उत्तर आलं, दोनच वाक्यांचं. "हे लावता येत नाही. कमांडवरून पाठव."

"खडूस म्हातारा," खटपट्या म्हणाला. पण शिकला. काळी खिडकी उघडायची, माऊसला हात लावायचा नाही, गिट सेंड-ईमेल असं टाईप करायचं, पुढे पत्ता, पुढे माझं नाव. मग मी जसाच्या तसा जातो. एक जागा इकडची तिकडे होत नाही.

नवखा माणूस आधी तालीम करतो. त्यासाठी कमांडमध्ये एक शब्द घालतात, ड्राय-रन. म्हणजे सगळं कर, पण खरं पाठवू नकोस.

ती संध्याकाळ मला आठवते. त्याने तो शब्द घालून कमांड दिली. मला उचललं गेलं. पत्ता लागला, विषय लागला. मी दारापर्यंत गेलो. दार उघडल्यासारखं वाटलं. पाऊल टाकलं, तर पलीकडे काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता. आणि वर पडद्यावर उमटलं, ओके.

तेवढ्यात लाईट गेली नि आली. फ्रिज धडकला. आतून आवाज आला, "इकडे या जरा."

खटपट्या उठून गेला. आई गाढ झोपलेली. तो पुटपुटत परत आला, पडद्यावरचं ओके बघितलं, आणि खुर्ची करकरेपर्यंत मागे रेलला.

"गेलं एकदाचं, ताई!"

"काय गेलं?"

"डब्याचं तोंड बंद करायचं औषध!"

मी तिथेच होतो, मित्रांनो. त्याच फोल्डरमध्ये. ओरडावं म्हटलं तर मला कुठे डबा होता?

मग वाट बघणं सुरू झालं. रोज दुकानातून आला की पहिलं मेल उघडणं. "आलं का रे?" "नाही." "अरे, म्हातारा आहे, विसरला असेल." "विसरत बिसरत नाही, माज आहे." पुढे पुढे ताईने विचारणं सोडलं. त्यानेही बघणं सोडलं. आणि डबा चालूच. हाक यायची, कोणी उठायचं नाही. घराला त्या आवाजाची सवय झाली, नळ गळतो त्याची होते तशी.

मग ती दुपार. दुकानाला सुट्टी होती. लाईट गेलेली. खटपट्या आणि ताई स्वयंपाकघरात चहा करत होते. मला आतल्या खोलीत पलंग करकरल्याचं ऐकू आलं. पावलं. वायरमध्ये काहीतरी अडकलं. मग धप्प असा आवाज. मऊ नि जड. पाठोपाठ डबा फरशीवर आपटला.

तेवढ्यात लाईट आली. फ्रिज धडकला, मशीन गुरगुरलं, त्यात तो आवाज बुडाला.

"इकडे या जरा," डबा म्हणाला. ही हाक खोटी होती, नेहमीची.

"आली लाईट," ताई म्हणाली.

"इकडे या जरा." ही खरी होती.

मला फरक कळत होता. या हाकेआधी बटणावर नख घासल्याचा बारीक आवाज आला होता. आईचा हात जेमतेम त्या मोठ्या बटणापर्यंत पोचत होता.

"इकडे या जरा. इकडे या जरा."

"आज फारच अंगात आलंय याच्या," खटपट्या म्हणाला.

"आलं घालू का?"

"घाल की."

"इकडे या जरा."

चहा उकळला. गाळला. दोघं प्यायलेसुद्धा. मला पाय असते तर मी पळालो असतो. घरात ती हाक खरी आहे हे ठाऊक असलेला मी एकटा, आणि मी म्हणजे न निघालेल्या चार ओळी.

मग डबा थांबला. बराच वेळ काही नाही. नख फरशीवरून सरकत सरकत अक्षरांपर्यंत गेलं. आणि डबा त्याच सपाट आवाजात म्हणाला, "पडले."

कप फुटल्याचा आवाज आला. दोघं धावले.

कमरेचं हाड मोडलं होतं. आईला दवाखान्यात नेलं आणि घर रिकामं झालं. म्हणजे माणसांचं रिकामं. डबा होता. त्याचं शेवटचं वाक्य आता बदललं होतं. लाईट जायची, यायची, आणि रिकाम्या घरात तो म्हणायचा, "पडले."

कोणी येत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा. "पडले." मी ऐकत राहायचो. कधी कधी मला वाटायचं, आत खरंच कोणीतरी आहे आणि तिला अजून उचललेलंच नाही.

तिसऱ्या दिवशी खटपट्या आईचे कपडे न्यायला आला. बॅगेची चेन लावत होता. लाईट आली.

"पडले."

तो धावला. आत कोणी नाही हे त्याला माहीत होतं, तरी धावला. दाराशी थबकला. आणि तिथेच भिंतीला घासत खाली बसला, लहान पोरासारखा हुंदके देत.

ताई जेवणाचा डबा धुवायला घेऊन आली होती. ती त्याच्यापाशी येऊन थांबली.

"त्या म्हाताऱ्याला सोडणार नाही मी," तो म्हणाला. "एवढी चार ओळींची दुरुस्ती. बघितली असती, तर आई..."

"त्याला मिळालं का पण ते पत्र?"

"मिळालं म्हणजे? मी पाठवलं ना."

"कशावरून?"

"ओके म्हणाला की कॉम्प्युटर!"

ताईने आतल्या खोलीकडे हात केला असावा. कारण ती म्हणाली, "आणि तो आत्ता काय म्हणाला? पडले. आहे का कोणी तिथे पडलेलं?"

 खटपट्या उठला, टेबलाशी आला. वरचा बाण दाबत दाबत जुन्या कमांड मागे नेल्या. कीबोर्ड खडखडत होता. मग खडखड थांबली. त्याला तो ड्राय-रन शब्द दिसला होता.

"ताई," तो म्हणाला, अगदी बारीक आवाजात. "मी तालीमच केली गं. ते गेलंच नाही."

 ताई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "मग आता पाठव."

त्याने माझ्या अंगावर एक ओळ वाढवली, "या चुकीमुळे आमची आई पडून राहिली, कोणी उठलं नाही." कमांडमधून तो शब्द काढला. एंटर दाबलं. काळ्या खिडकीने विचारलं, पाठवू? त्याने हो म्हटलं.

या वेळी दारापलीकडे जग होतं. मी एकाच वेळी कितीतरी घरांत पोचलो. इथेही उरलो आणि तिथेही होतो. कोणी पंख्याखाली, कोणी पोरांच्या गलक्यात मला उघडलं. आणि एका घरात फक्त घड्याळाची टिकटिक होती. ते राखणदाराचं घर.

त्यांनी मला उघडलं. वाचलं. बंद केलं. परत उघडलं. तेवढ्यात त्यांच्याकडे लाईट आली असावी, कारण त्या खोलीतून तोच सपाट आवाज आला. "दार लावून घ्या, गार वारा येतोय."

"हो, लावतो," राखणदार म्हणाले. पावलं गेली. दार उघडलं आणि लागलं. म्हणजे ते आधी लागलेलंच होतं. लावायला मिळावं म्हणून त्यांनी ते उघडलं होतं.

 घरात दुसरं कोणीच नव्हतं. श्वाससुद्धा एकाचाच.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, एका पोराचा पॅच आलाय. डब्याचं ते परत बोलणं बंद करायचं. ... बरोबर लिहिलंय. ... माहीत होती गं मला ती चूक. तुझी आई गेल्यापासून माहीत आहे. दुरुस्त करवेना, बस. ... त्याची आई जिवंत आहे. तिला हाक मारायची आहे अजून."

 फोन ठेवून त्यांनी उत्तर टाईप केलं. "चूक खरी आहे. उपाय अर्धा आहे. माणूस अर्धं वाक्य लिहीत असताना लाईट गेली तर तेही पुसलं जाईल. वाक्य राहू दे, फक्त आपणहून बोलू नको. दुसरी आवृत्ती पाठव. आई कशी आहे?"

खटपट्याने दुसरी आवृत्ती लिहिली. तो माझा धाकटा भाऊ. मला समोर ठेवून लिहिला, माझ्यापेक्षा चांगला निघाला. राखणदाराने त्याला घेतलं. तो आज सगळ्या डब्यांत राहतो. मी नाही. मला आता कोणी उघडत नाही, आणि माझी तक्रारही नाही. एकच वाटतं, मी त्या संध्याकाळीच निघालो असतो तर ती दुपार आली नसती.

राखणदाराच्या मेलपेटीत मी अजून आहे. त्यांनी बायकोच्या डब्यातही ती दुरुस्ती घालून घेतली. त्यानंतर तिथे लाईट आली, तेव्हा डबा बोलला नाही. टिकटिक चालू होती. थोड्या वेळाने खुर्ची सरकली, पावलं गेली, दार उघडलं आणि लागलं. त्यांनी कोणाला तरी हळूच सांगितलं, "लावलं."

आणि आई घरी आली, वॉकर टेकत. पण डब्याला हात लावेना. मान हलवून हो-नाही, बस. लाईट यायची, फ्रिज धडकायचा, आतून काही नाही. ही शांतता आधीच्या आवाजापेक्षा वाईट होती. ताई मशीन मधेच थांबवून कान द्यायची. खटपट्या उगाच पाणी नेऊन द्यायचा. कोणी उठत नाही अशा घरात हाक मारायची कशाला, असं आईला वाटत असणार. मला तरी वाटलं असतं.

मग एकदा लाईट आली. फ्रिज धडकला. मशीन गुरगुरलं. आणि नखाचा तो बारीक आवाज. मी ऐकला.

"इकडे या जरा."

स्टूल पडलं. कात्री खणकन खाली आली. दोघं एकाच दारातून घुसायला गेले आणि एकमेकांवर आदळले.

"काय झालं, आई? काय झालं?"

आतून अक्षरं दाबल्याचा आवाज. सावकाश, एकेक. डबा म्हणाला, "काही नाही. येता का बघितलं."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. काही पाठवलंत तर ते पोचलं का हे समोरच्या माणसाला विचारा, ओके म्हणणाऱ्या पडद्याला नको. आणि आतून हाक आली तर उठा. शंभरदा खोटी निघाली तरी उठा. फार तर काय होईल, पाय मोकळे होतील.