पाववाल्याच्या कोठडीचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय, गावच्या जुन्या तुरुंगातल्या शेवटच्या कोठडीचा. लोकांना वाटतं, मी कैद्यांना कोंडलं. अहो, ते तरी शिक्षा भोगून सुटायचे. भिंतीला खिळलेल्या मला कोण सोडणार?

तुरुंग केव्हाच बंद पडला. हल्लीच तो लोकांना पाहायला खुला केलाय. इथला गाइड पाहुण्यांना आत आणतो आणि खिडकीकडे बोट दाखवून गावाची लाडकी गोष्ट सांगतो. "हे वाकवलेले गज बघा! इथून पाववाला पळाला. बायको-पोर वाऱ्यावर सोडून पसार!" सगळे हसतात. गावात कुणी न सांगता गायब झालं, की अजूनही म्हणतात, "त्याचा पाववाला झाला."

साफ खोटं! पाववाला माझ्यासमोर तापाने गेला. हाणामारीत पकडून आणलेला, आठवडाही झाला नव्हता. मला धडका देत ओरडायचा, "डॉक्टरला बोलवा हो!" कुणी फिरकलं नाही. मग चौकशीच्या भीतीने जेलरची पाचावर धारण बसली. त्याने प्रेत खिडकीबाहेरच्या मागच्या अंगणात पुरलं, घाईघाईने गज वाकवून घेतले आणि कैदी पळाल्याची बोंब ठोकली. मी सगळं पाहिलं. पण दरवाजाची साक्ष कोण काढतो?

परवा काठी टेकत एक म्हातारी आली. गोष्ट ऐकून ती हसली नाही. खिडकीपाशी गेली आणि वाकलेल्या गजांमध्ये तिने हात घातला. तिचा काटकुळा खांदासुद्धा अडला.

"पोरा, इथून पळाला म्हणतोस?"

"हो ना, आजी! सगळं गाव सांगतं."

"गावाला काय जातंय सांगायला! माझे बाबा होते ते. हे एवढे ढेरपोटे! आमच्या दुकानाच्या दारातूनही अंग तिरकं करून शिरायचे. या फटीतून त्यांचं डोकं तरी गेलं असतं का रे?"

गाइडने स्वतःच गजांमध्ये डोकं घालून पाहिलं; शिरेना. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

म्हातारी तिथेच खाली बसली. "म्हणजे ते गेलेच नाहीत," ती म्हणाली. "आम्हाला टाकून गेलेच नाहीत."

बंद करायची वेळ झाली. "आजी, चला ना, कुलूप लावायचंय."

"थांब रे जरा. जन्मभर शिव्या घातल्यात मी त्यांना. घटकाभर बसू दे त्यांच्यापाशी."

गाइडने कुलूप खिशात टाकलं आणि तोही उंबऱ्यावर टेकला. मला इतकं रडावंसं वाटलं, पण लोखंडाला कुठलं पाणी!

तुम्ही कधी आलात, तर ते गज बघून हसू नका, एवढंच मागणं. मागच्या अंगणात जा. तिथे एक माणूस अजून सुटायचा राहिलाय.