रोसिताबाईने टोपी घातली तेव्हा

आग मी लावली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको.

मी फिदेन्सियो. एकोणीस वर्षं राष्ट्रीय उद्यानाच्या वणवा-पथकात आहे. अंगात पिवळा सदरा, खांद्यावर फावडं आणि दोन डोंगरांमधल्या खिंडीत पत्र्याची चौकी. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस नसतो. तेवढे महिने माझं काम एकच, धूर बघायचा. कुठला धूर चुलीचा, कुठला कोळशाच्या भट्टीचा आणि कुठला गोयोबाबाचा, हे मला एका नजरेत कळतं. गोयोबाबा म्हणजे आमचा दक्षिणेकडचा ज्वालामुखी. म्हातारा बारा महिने विडी ओढतो आणि राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर झटकतो. उत्तरेला रोसिताबाई आहे, बर्फाची चादर ओढून निजलेली. पाऊस द्यायचा की नाही हे ती ठरवते.

माझा बाप मेंढपाळ होता. तो म्हणायचा, एप्रिलअखेरीस रोसिताबाईच्या डोक्यावर ढगाची टोपी बसली की तिसऱ्या दिवशी पाऊस. म्हणून टोपीच्या दुसऱ्या दिवशी डोंगरावरचं जुनं गवत पेटवून द्यायचं. कमरेइतकं उंच, पिवळं, दाताने न तुटणारं ते गवत रात्रीतून जळतं, दुसऱ्या दिवशी पाऊस आग विझवतो आणि पंधरवड्यात मेंढ्यांसाठी कोवळे हिरवे कोंब येतात. बापाने असं चाळीस वर्षं केलं.

आता ते बेकायदा आहे, आणि तसं का हे गावाला समजावून सांगणारा माणूस म्हणजे मीच. शाळेच्या पटांगणात उभा राहून मी दरवर्षी सांगतो, "बाबांनो, हवा बदलली. जुन्या खुणा आता खोटं बोलतात. टोपी आली म्हणून पाऊस येईलच असं नाही, नुसता वारासुद्धा येतो. आणि त्या गवतात तेपोरिंगो राहतात, ते जगात दुसरीकडे कुठे जातील?" तेपोरिंगो म्हणजे आमचे बिनशेपटीचे ससे, ओंजळीत मावतील एवढे. गवताच्या बुंध्यांखालून त्यांचे बोगदे असतात. थंडीत पहाटे दव गोठलेलं असताना त्यांची बारीक किंकाळी ऐकू येते, मग वर घिरट्या घालणारा ससाणा दिसतो, मग सगळं चिडीचूप. मला तो आवाज आवडतो. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

या वर्षी सप्टेंबरनंतर थेंब पडला नव्हता. बायकोच्या, तोमासाच्या, अठ्ठावीस मेंढ्या माझ्या बालमित्राच्या, नाबोरच्या, कळपात चरायच्या. बरगड्या मोजता येत होत्या. तोमासा रोज संध्याकाळी टोमणा मारायची, "साहेब सशांची काळजी घेतात. मेंढ्यांनी आता सशांकडे अर्ज करावा काय?"

एकवीस एप्रिलला रोसिताबाईच्या डोक्यावर टोपी बसली. गोल, गुळगुळीत, बापाच्या वेळेसारखी. मी दिवसभर तिच्याकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गस्तीला म्हणून निघालो, एका घळीत उतरलो आणि काडी ओढली. दोन खळ्यांएवढा तुकडा जाळायचा, फावड्याने कडा तोडायच्या, तासाभरात काम फत्ते. वणव्याचं मला कळतं, असा माज होता. दुसऱ्या कुणी एवढ्या कोरड्या गवताला काडी लावायची हिंमत केली नसती. मी केली, कारण मला सगळं कळत होतं.

पश्चिमेचा वारा एकदम सुटला. टोपी पावसाची नव्हती, वाऱ्याची होती. आग माझ्या फावड्यावरून उडी मारून घळीतून वर गेली, आणि मी बिनतारी यंत्रावर ओरडलो, "धूर दिसतोय!" खरंच, हेच शब्द.

दोन दिवस आग चालली. मी झोपलो नाही, भुवया जळाल्या. गावकऱ्यांपैकी सगळ्यात आधी हातात फांदी घेऊन धावत आला तो नाबोर. तो माझ्या शेजारी उभा राहून ज्वाला झोडपत होता, खोकत होता, आणि मला म्हणाला, "कोम्पाद्रे, पाणी प्या. तुम्ही पडलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" मी त्याच्या बाटलीतलं पाणी प्यालो.

नाबोर आणि मी एका बाकावर शिकलो, एकमेकांना शिव्या देत मोठे झालो. माझ्या मुलीच्या, लुसेरोच्या, बाप्तिस्म्याला त्याने धर्मपिता म्हणून तिला पाण्यावर धरलं आणि त्या दिवसापासून आम्ही कोम्पाद्रे झालो. हे नातं सख्ख्या भावापेक्षा पक्कं. शिव्या संपल्या, एकेरी हाक संपली. कोम्पाद्रेवर बोट दाखवणं म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यात थुंकणं. असं आमच्याकडे मानतात.

तिसऱ्या दिवशी वारा पडला, आम्ही आग घेरली. जळालेल्या उतारावरून गरम राखेत चालताना एका बुंध्याखाली मला बीळ दिसलं. आईने आपल्याच केसांची गादी केलेली होती आणि त्यात तीन पिल्लं. अंगावर भाजल्याची खूण नव्हती, धुराने गेली होती. मी माती लोटली आणि पुढे गेलो.

रविवारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. आग कुणी लावली? सगळ्यांचे डोळे नाबोरकडे. मेंढ्या त्याच्या, कुरण त्याचं, आणि आठ वर्षांपूर्वी तो एकदा गवत जाळताना सापडला होता. सापडला होता तो माझ्याच हाती, हेही लोकांच्या लक्षात होतं.

"विझवायला पहिला कोण आला? चोराच्या मनात चांदणं!" कुणीतरी मागून ओरडलं.

एपिफानियो काकांनी हात वर केला. काकांवर तरुणपणी वीज पडली आणि ते वाचले, त्यामुळे डोंगराशी बोलायचा मान त्यांचा. "नाबोर, आग तू लावलीस का?"

"नाही, काका."

"मग कुणी लावली?"

नाबोरने डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. माझ्या तोंडात शब्द तयार होता, शप्पथ. पण समोरच्या रांगेत तोमासा बसली होती, आणि कुणीतरी नुकतंच म्हणालं होतं की फिदेन्सियो नसता तर गाव जळालं असतं. पिवळा सदरा मला एकदम फार प्रिय वाटला.

तीन मे हा क्रुसाचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव वर रोसिताबाईच्या गुहेपर्यंत चढतं, जुन्या क्रुसांशेजारी नवा निळा क्रूस उभा करतं आणि पाऊस मागतं. क्रूस न्यायचा मान पाळीने येतो, आणि नाबोर नऊ वर्षं थांबला होता. लाकूड त्याने स्वतः तासलं होतं, रंग स्वतः दिला होता. सभेने ठरवलं, डोंगर जाळणाऱ्याने क्रुसाला हात लावायचा नाही. क्रूस फिदेन्सियो नेईल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तर तो त्यांना नम्रपणा वाटला. "गावाची इच्छा," मी म्हणालो. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि वर कुंपणाला हार घालत होते.

घरी तोमासा म्हणाली, "तुमचं तोंड असं का? मान मिळाला की मयत झालं?"

"दमलोय."

"बिचारे कोम्पाद्रे," ती म्हणाली. "तरी मला नाही वाटत त्यांनी लावली असेल."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. सहा दिवस होते. रोज सकाळी नाबोरच्या दारावरून जायचो. तो नमस्कार करायचा, मी करायचो. एकदा त्याच्या अंगणात थांबलोसुद्धा, आणि विचारलं काय, तर कोकरू कसं आहे.

तीन तारखेला उजाडताना निघालो. हवेत गारठा होता, पाइनच्या रानात तोंडातून वाफ निघत होती. क्रूस खांद्यावर घेतला तेव्हा रंगाचा ताजा वास आला. मागे बायका फुलं घेऊन, पुरुष पानात उकडलेल्या मक्याच्या तामालेंच्या टोपल्या घेऊन, आणि सगळ्यात शेवटी नाबोर, पाठीवर टर्कीच्या मोलेचं, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्याचं, मातीचं मोठं भांडं बांधून. त्याला कुणी ये म्हणालं नव्हतं, येऊ नको असंही कुणी म्हणालं नव्हतं.

शेवटचा पाइन मागे पडला की गवत सुरू व्हायला हवं. या वेळी काळा उतार सुरू झाला. पावलापावलाला राख उडत होती. एरवी इथे मुलं तेपोरिंगो शोधायला पुढे पळतात. आज सगळे वाटेच्या मधोमध चालले. वर ससाणा एकदा फिरला आणि दुसरीकडे गेला.

गुहेपाशी पोचेपर्यंत श्वास पुरत नव्हता. काकांनी धूप पेटवला. आमच्याकडे रीत अशी, की क्रूस उभा करायच्या आधी तो आणणाऱ्याने डोंगराला वर्षभराचे अपराध सांगायचे. कुणी झाड तोडलं, कुणी कोल्ह्याला गोळी घातली, सगळं, आणि नावानिशी. बेनामी तक्रार रोसिताबाई ऐकत नाही. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. सहा दिवस मी ती जणू विसरलोच होतो.

"सांग," काका म्हणाले.

मी सांगितलं. एरास्तोने दोन झाडं तोडली. देल्फिनाच्या मुलाने झऱ्यात साबण टाकला. मग थांबलो. सगळे वाट बघत होते, कारण पुढचं नाव सगळ्यांना माहीत होतं. फक्त "नाबोर" म्हणायचं होतं. तीन अक्षरं.

"आग मी लावली," मी म्हणालो. "मी, फिदेन्सियोने. एप्रिलच्या बावीस तारखेला दुपारी, घळीत. टोपी बघून."

आवाज इतका बारीक आला, की काका म्हणाले, "मोठ्याने." म्हणून ते मला दोनदा सांगावं लागलं.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. तोमासाने रुमालात तोंड घातलं. शेवटी मागून नाबोरचा आवाज आला, दमलेला.

"मला माहीत होतं. मी वरच्या कड्यावर होतो. पिवळा सदरा लांबून दिसतो, कोम्पाद्रे."

"मग बोलला का नाहीत?" माझ्या तोंडून निघालं. वर मीच त्याला जाब विचारत होतो!

"मी तुमच्या मुलीला पाण्यावर धरलंय. मी कसा बोलणार?" त्याने पाठीवरचं भांडं खाली ठेवलं. "सभेत वाटलं, आता सांगतील. अंगणात आलात तेव्हा वाटलं, आता. सकाळी पाइनपाशी वाटलं. गुडघे गेलेत माझे. अजून वरती गुहा असती, तर अजून चढायला लावलं असतंत का?"

कुणीतरी हसलं. काकांनी नाबोरला खूण केली, की क्रूस तू उभा कर.

तो आला. मी क्रूस त्याच्या हातात दिला. त्याने तो आडवा धरला, खिशातून फडकं काढलं, आणि जिथे जिथे माझे हात लागले होते तिथला घाम पुसून काढला. रागाने नाही. सावकाश, एखादा कारागीर पुसेल तसा. सगळं गाव बघत होतं. मग त्याने क्रूस उभा केला, खाली दगड लावले, आणि प्रार्थना झाली. मी कुठे उभं राहावं हे मला कळत नव्हतं, म्हणून जिथे होतो तिथेच राहिलो.

जेवणं सुरू झाली. मी एका दगडावर बाजूला बसलो, तोमासा बायकांत जाऊन बसली. पिवळा सदरा काढून टाकावा असं वाटत होतं, पण थंडी होती आणि आत फाटकी बनियन होती.

समोर सावली पडली. नाबोर ताटली घेऊन उभा होता. मोलेत बुडवलेली टर्कीची तंगडी, मक्याच्या चार तोर्तिया. मोठा तुकडा, पाहुण्याला देतात तो.

"जेवा, कोम्पाद्रे," तो म्हणाला. "उतरायचंय अजून."

तो थुंकला असता तर मी मान वर करू शकलो असतो. मी ताटली घेतली. तो शेजारी बसला, माझं होईपर्यंत. मी सगळं खाल्लं.