खाटेवरची पाव्हणी

सखूची बोटं सकाळी खेकड्याच्या नांग्यांसारखी आखडून बसत. गेल्या भातलावणीला बिचारी बांधावर बसून दुसऱ्यांच्या वाकलेल्या पाठी बघत राहिली. यंदा काही झालं तरी चिखलात उतरायचं, एवढा एकच ध्यास. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी महागडं इंजेक्शन लिहून दिलं. मुंबईला असलेल्या मुलाच्या, सागरच्या, कंपनीचा विमा होता. पण नियम असा की टोचून घरी गेलात तर पैसे मिळणार नाहीत, दिवसरात्र इस्पितळात निजलात तर मिळतील.

"चालतं-बोलतं माणूस निजवायचं?" सखूने फोनवर विचारलं.

"आये, नियम आहे. विम्याचा माणूस बघायला येईल. खाट सोडू नको."

सखू निजली. पण वाडीतलं कुणी ॲडमिट झालं की बघायला जायचंच. दुपारी शेजारीण विमला नारळ नि पेजेचा डबा घेऊन लांज्याहून एसटीत उभ्याने आली, आणि स्टुलावर टेकताच कंबर धरून विव्हळली. पाव्हणी कळवळते नि आपण पसरलेल्या, हे सखूला बघवेना.

"खाटेवर पड गो जरा."

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीय?"

विमला पडली, सखू पदराने वारा घालू लागली. तेवढ्यात विम्याचा माणूस, दर्शन, मोबाईल घेऊन हजर.

"काय त्रास होतो, आजी?"

असं विमलेला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ती कंबरेपासून निघाली ती सुनेपर्यंत पोचली. दर्शन खूश. मग त्याने मनगटावरची पेशंटची पट्टी शोधली. ती वारा घालणाऱ्या हातावर!

"पेशंट तुम्ही? मग ह्या कोण?"

"पाव्हणी."

"पेशंट खाटेवर नाही, तर मंजुरी नाही."

सखूने वारा घालणं सोडलं. लावणी गेली!

"पाव्हणीला ताटकळत ठेवून मी निजू, बाबा? तुझी आई निजेल काय?"

दर्शनने मान खाजवली. "बरं, निजा. फोटो काढतो."

"विमले, ऊठ."

"आत्ता कुठं कंबर टेकलीय! तूच सरक आत."

सखू आत सरकली. विमलेने तोंडावर चादर ओढून घेतली. फोटो निघाला. संध्याकाळी नर्सने मात्र पट्टी दोनदा बघूनच सुई टोचली.

सागरचा फोन आला तेव्हा सखू गुडघाभर चिखलात होती. एका मुठीत भाताची रोपं घट्ट, दुसऱ्या हातातला फोन पाऊस चुकवत इरल्याखाली कानाला.

"आये, मंजूर झालं. पण त्यांनी एक शंका काढलीय."

"कसली रे?"

"पेशंटला पाय चार कसे?"

"सांग त्यांना, दोन बघायला आले होते."